पिस्तुलाच्या काडतुसासाठी दारू कशी निवडतात?

अमेरिकेत नेमबाजी हा लाखो लोकांचा छंद आहे. त्यांतले बरेच जण काडतुसे तयार विकत न घेता घरीच भरतात. बार उडाल्यावर उरलेली पितळी पुंगळी जपून ठेवायची, साफ करायची, दाबयंत्रात घालून तिचा आकार पूर्ववत करायचा आणि तिच्यात नवा प्रायमर, नवी दारू व नवी गोळी बसवायची, की काडतूस पुन्हा वापरण्याजोगे होते. याला हँडलोडिंग किंवा रीलोडिंग म्हणतात. खर्च वाचतो, शिवाय आपल्या पिस्तुलाला आणि आपल्या हाताला मानवेल असे काडतूस मिळते.

या कामातला सगळ्यात गोंधळात टाकणारा टप्पा म्हणजे दारूची निवड. तिथल्या दुकानांत वेगवेगळ्या नावांचे डझनावारी डबे मांडलेले असतात. नवख्याला वाटते की जी दारू अधिक जोरदार ती अधिक चांगली. प्रत्यक्षात दारूमध्ये 'जोरदार' आणि 'कमजोर' अशी सरळ वाटणी नसते. कोणत्या पुंगळीत, कोणत्या गोळीमागे आणि किती लांबीच्या नळीत ती जळणार, यावर सगळे ठरते. चुकीची दारू घेतली, किंवा योग्य दारू चुकून दुप्पट पडली, तर पिस्तूल हातातच फुटू शकते. म्हणून जाणती माणसे दारू निवडताना गोळीला किती वेग मिळेल एवढेच पाहत नाहीत. भरताना चूक झाली तर ती डोळ्यांना दिसेल का, हेही पाहतात.

काडतुसाच्या आत काय घडते?

काडतुसाचे चार भाग असतात: पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी. चाप ओढला की घोडा किंवा पिन प्रायमरवर आदळते. प्रायमरमधले संवेदनशील मिश्रण पेटते, त्याची ज्वाळा पुंगळीतल्या दारूपर्यंत पोहोचते आणि दारू जळू लागते. तिचे तप्त वायूत रूपांतर होते, दाब वाढतो आणि तो गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकते.

इथे 'जळते' हा शब्द महत्त्वाचा आहे. पुंगळीतली दारू डायनामाइटसारखी एकदम फुटत नाही. तिचा प्रत्येक कण बाहेरून आत, थराथराने जळतो. मात्र दाब जितका वाढतो तितके हे जळणेही वेगवान होते. म्हणजे दाबामुळे जळण्याचा वेग वाढतो आणि त्या वेगामुळे दाब आणखी वाढतो. दारू थोडी जास्त पडली तर परिणामही थोडाच जास्त होईल, हा हिशेब त्यामुळे चुकतो. एका मर्यादेनंतर दाब फार झपाट्याने चढतो.

हा दाब किती असतो? अमेरिकेतील शस्त्रे आणि काडतुसे बनवणाऱ्यांची 'सामी' ही संस्था १९२६ मध्ये स्थापन झाली. प्रत्येक काडतुसासाठी कमाल दाब तिने ठरवून दिला आहे. ९ मिलिमीटर ल्यूगर या काडतुसासाठी तो ३५,००० पीएसआय आहे. मोटारीच्या चाकात साधारण ३२ पीएसआय हवा असते, म्हणजे हा दाब त्याच्या हजारपटीहून जास्त झाला. .४५ एसीपीसाठी मर्यादा २१,००० आहे, तर .३८ स्पेशलसाठी १७,०००. आकाराने जवळपास असलेल्या काडतुसांच्या मर्यादांत असा दुपटीचा फरक असतो, त्यामुळे एकाचे माप दुसऱ्याला लावता येत नाही.

काळी दारू आणि धूरविरहित दारू

ठासणीच्या बंदुकीत वापरली जाणारी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. तिचे प्रचलित प्रमाण ७५, १५ आणि १० टक्के असे आहे. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. दाट धूर आणि नळीत साचणारी काजळी त्याचीच.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू तयार केली. तीन वर्षांनी आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोसेल्युलोजमध्ये नायट्रोग्लिसरीन मिसळून 'बॅलिस्टाइट' बनवले, तर १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये एबल आणि ड्यूअर यांनी 'कॉर्डाइट' आणले. आजही पिस्तुलाच्या दारूचे हेच दोन मुख्य वर्ग आहेत. फक्त नायट्रोसेल्युलोज असलेली ती एकल आधाराची आणि नायट्रोग्लिसरीनही असलेली ती द्विआधारी. द्विआधारी दारूत वजनाच्या मानाने ऊर्जा अधिक असते आणि ती अधिक उष्ण जळते.

धूरविरहित दारू काळ्या दारूपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा देते. म्हणून काळ्या दारूच्या मापाने धूरविरहित दारू भरणे म्हणजे हातात बॉम्ब घेण्यासारखे आहे.

वेगवान आणि संथ म्हणजे काय?

एकाच झाडाचे लाकूड असले तरी रंध्याची तूस भपकन पेटते आणि ओंडका तासन्‌तास धुमसतो, कारण तुसाचा पृष्ठभाग मोठा असतो. दारूचेही तसेच आहे. पातळ चकत्या झटकन जळतात, जाड कण सावकाश. शिवाय कारखान्यात कणांवर असा लेप देता येतो की सुरुवातीचे जळणे मंदावते. आकार, जाडी, लेप आणि नायट्रोग्लिसरीनचे प्रमाण बदलून वेगवेगळ्या वेगाच्या दारू बनवल्या जातात.

रुतलेली हातगाडी हलवण्याचे दोन मार्ग असतात. एक जोरदार धक्का द्यायचा, किंवा खांदा लावून सतत रेटत राहायचे. वेगवान दारू पहिल्या प्रकारची. थोड्याच दारूत दाब लगेच शिखरावर जातो आणि गोळी पुढे सरकू लागताच तो ओसरतो. संथ दारू दुसऱ्या प्रकारची. तिचा दाब टिकून राहतो, त्यामुळे गोळीला जास्त वेळ रेटा मिळतो. पण त्यासाठी दारू जास्त लागते, पुंगळीत जागा लागते आणि नळीही पुरेशी लांब लागते.

पिस्तुलाची नळी बहुधा १० ते १२ सेंटिमीटरची, तर रायफलची ५० ते ६० सेंटिमीटरची. रायफलची संथ दारू पिस्तुलात घातली तर गोळी बाहेर पडेपर्यंत ती पुरती जळत नाही. न जळलेले कण तोंडाशी भडकतात, डोळे दिपवणारी ज्वाळा निघते आणि वेग मात्र मिळत नाही. म्हणून पिस्तुलाच्या दारू एकूण यादीच्या वेगवान टोकाला असतात.

पिस्तुलासाठीच्या दारूंचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

*वेगवान:* बुल्सआय, टाइटग्रुप, फिनलंडची व्हिटावुओरी एन३१० वगैरे. बुल्सआय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विकली जात आहे. कमी दारूत काम होते, धक्का सौम्य असतो. निशाणावरच्या सरावासाठी हा गट लोकप्रिय आहे.

*मध्यम:* युनिक, विंचेस्टर २३१, व्हिटावुओरी एन३४० वगैरे. ९ मिलिमीटर, .४५ एसीपी, .३८ स्पेशल अशा बहुतेक काडतुसांत त्या चालतात. एकच डबा घ्यायचा तर निवड बहुधा याच गटातून होते.

*संथ:* २४००, एच११० वगैरे. .३५७ मॅग्नम (१९३५) आणि .४४ मॅग्नम (१९५५) अशा मोठ्या पुंगळीच्या, जास्त दाबाच्या रिव्हॉल्व्हर काडतुसांसाठी.

उत्पादक वेगाच्या क्रमाने तक्ते प्रसिद्ध करतात. पण त्या तक्त्यात फक्त क्रम असतो, माप नसते. तिसरी आणि चौथी दारू जवळजवळ सारख्या असू शकतात, तर चौथी आणि पाचवी यांत मोठे अंतर असू शकते. पुंगळी बदलली की क्रमही थोडा पुढेमागे होतो. म्हणून 'ही त्या दारूच्या शेजारीच आहे, तर तेच माप चालेल' हा तर्क धोक्याचा आहे. तक्त्यावरून कोणती दारू विचारात घ्यायची एवढेच ठरवावे, किती भरायची ते नाही.

पुंगळी किती भरते, हा खरा प्रश्न

दारू ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे दारूचा कण नव्हे, ते वजनाचे माप आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडे अधिक. पिस्तुलाच्या एका काडतुसात बहुधा चार-पाच ग्रेन दारू असते. एवढ्याशा मापात अर्ध्या ग्रेनचा फरकही मोठा ठरतो.

.३८ स्पेशल हे काडतूस याचे उत्तम उदाहरण आहे. स्मिथ अँड वेसन कंपनीने ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूसाठी आणले. काळी दारू वीस ग्रेनच्या वर लागत असे, म्हणून पुंगळी २९ मिलिमीटर लांबीची ठेवली गेली. आज तिच्यात बुल्सआयसारख्या वेगवान दारूचे तीन-चार ग्रेन पुरतात. ती दारू पुंगळीच्या तळाशी जेमतेम थर करते आणि वर बरीच जागा रिकामी राहते.

यातून दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली म्हणजे चुकून दुप्पट दारू पडली तरी पुंगळी भरत नाही. गोळी नेहमीसारखीच वर बसते आणि काडतूस बाहेरून इतरांसारखेच दिसते. फोन वाजला, कुणी हाक मारली, यंत्राचा दांडा अर्ध्यावर थांबला आणि पुन्हा ओढला गेला, तर एवढ्यानेही दुप्पट माप पडू शकते. असा बार उडाला की रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर फाटू शकते.

दुसरी अडचण कमी गंभीर आहे. रिकाम्या जागेत दारू कधी प्रायमरजवळ असते, कधी गोळीजवळ. नळी खाली झुकवून मग नेम धरला, किंवा वर करून मग खाली आणली, एवढ्यानेही गोळीचा वेग बदलतो. काही दारूंवर याचा परिणाम जास्त होतो, काहींवर कमी.

म्हणूनच नवख्याला बहुतेक जाणकार फुगीर दारू सुचवतात, म्हणजे त्याच वजनाला जास्त जागा व्यापणारी. योग्य मापाने पुंगळी निम्म्याहून अधिक भरत असेल, तर दुप्पट माप पडल्यावर दारू काठावरून सांडते आणि चूक तिथेच उघडी पडते. युनिकच्या चकत्या या बाबतीत टाइटग्रुपपेक्षा सोयीच्या आहेत. जुन्या मोठ्या पुंगळ्यांत सौम्य बार भरण्यासाठी 'ट्रेल बॉस' नावाची वड्याच्या आकाराची, मध्ये भोक असलेली दारूही खास बनवली गेली.

९ मिलिमीटरची अडचण उलट आहे. तिची पुंगळी जेमतेम १९ मिलिमीटरची आणि आतली जागा अगदी थोडी. इथे गोळी ठरलेल्यापेक्षा किंचित खोल बसली तरी आतली जागा घटते आणि दाब वेगाने चढतो. म्हणून या काडतुसात दारूच्या वजनाइतकीच काडतुसाची एकूण लांबीही तपासावी लागते.

दारू कमी पडली तर?

कमी दारू म्हणजे सुरक्षित, असेही नाही. दारू पडलीच नाही किंवा फारच कमी पडली, तर प्रायमरच्या जोरावर गोळी थोडी सरकते आणि नळीत अडकते. हा खऱ्या अर्थाने फुसका बार. आवाज दबका येतो, धक्का जवळजवळ जाणवत नाही. नेमबाजाने ते न ओळखता पुढचा बार काढला, तर मागची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. आवाज वेगळा आला की थांबायचे, शस्त्र रिकामे करायचे आणि नळी आरपार मोकळी आहे का ते पाहायचे, हा सरावाच्या मैदानावरचा पहिल्या दिवसापासूनचा धडा असतो.

काही संथ दारूंना तर कमी माप मुळीच चालत नाही. एच११० आणि विंचेस्टर २९६ यांचे माप छापील आकड्यापेक्षा तीन टक्क्यांहून अधिक घटवू नये, असे उत्पादक बजावतो. दाब पुरेसा चढला नाही तर ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीत राहू शकते. सौम्य सराव-काडतूस हवे असेल तर अशी दारू कमी भरून भागत नाही. दारूच बदलावी लागते.

मापयंत्रातून कशी उतरते?

प्रत्येक काडतुसासाठी दारू तराजूवर तोलणे शक्य नसते. म्हणून ती आकारमानाने मोजणाऱ्या यंत्रातून पाडतात. गोल कणांची दारू त्यातून पाण्यासारखी उतरते आणि मापे जवळजवळ सारखी येतात. मोठ्या चकत्या कधी कधी तोंडाशी अडतात. मग एका पुंगळीत कमी आणि पुढच्या पुंगळीत जास्त दारू पडते.

इथे निवड करणाऱ्याला दोन गुणांत तडजोड करावी लागते. गोल कणांची दारू सारखी उतरते, पण दाट असल्याने पुंगळीत कमी दिसते. चकत्यांची दारू डोळ्यांना दिसते, पण मापात थोडी डुगडुगते. दिवसाला पन्नास काडतुसे हाताने भरणाऱ्याला चकत्या परवडतात. तासाला शेकडो भरणारे यंत्र वापरणारा बहुधा गोल कणांकडे वळतो. मग दुप्पट माप पकडण्यासाठी यंत्रावर दारूची पातळी तपासणारे साधन बसवावे लागते. दोघांनाही अधूनमधून तराजूवर खात्री करावी लागते आणि गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेड टाकून डोकवावे लागते.

काम कोणते, त्यावर निवड

अमेरिकेतील वेगवान पिस्तूल स्पर्धांत 'पॉवर फॅक्टर' नावाचा हिशेब असतो. गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले फूट प्रतिसेकंद वेग, भागिले हजार. यूएसपीएसए या संघटनेच्या नियमांनुसार खालच्या गटासाठी तो किमान १२५ लागतो. ११५ ग्रेनची गोळी १,११५ फुटांच्या वेगाने गेली तर उत्तर १२८ येते. १४७ ग्रेनची गोळी ८७० फुटांनी गेली तरी तेवढेच. पण जड गोळीला कमी दारू लागते, त्यामुळे मागे धक्का देणारा वायूही कमी तयार होतो. म्हणून या गटात जड गोळी आणि वेगवान दारू ही जोडी अनेकांना आवडते.

नळीच्या तोंडाशी वायू वर फेकणारे छिद्रित साधन बसवलेल्या पिस्तुलांत मात्र उलटे करतात. तिथे तो वायूच तोंड खाली दाबून धरतो, म्हणून संथ आणि जास्त दारू घेतात. खेळ तोच असला तरी पिस्तुलाच्या रचनेमुळे दारूची निवड उलटी होते.

खर्चाचा हिशेबही असतो. एका पौंडात ७,००० ग्रेन. काडतुसाला चार ग्रेन लागले तर एका पौंडात १,७५० काडतुसे होतात, वीस ग्रेन लागले तर फक्त ३५०. तरीही डब्याच्या किमतीवरून निवड करणे फारसे शहाणपणाचे ठरत नाही. वेगवान दारूत वाचलेले पैसे दुप्पट मापाचा धोका वाढवत असतील तर ती बचत महाग पडते.

आकडे कुठून घ्यायचे?

दारूचे माप अंदाजाने ठरवत नाहीत. हॉजडन, अलायंट, व्हिटावुओरी असे दारूचे उत्पादक आणि लायमन, हॉर्नडी यांच्यासारखे पुस्तिका काढणारे प्रयोगशाळेत दाब मोजून तक्ते देतात. त्यांत विशिष्ट पुंगळी, विशिष्ट गोळी आणि विशिष्ट दारू यांसाठी सुरुवातीचे व कमाल माप असते. नेहमी सुरुवातीच्या मापापासून आरंभ करायचा आणि पायरीपायरीने वर जायचे. म्हणून डबा विकत घेण्यापूर्वी आपल्या काडतुसासाठी आणि आपल्या वजनाच्या गोळीसाठी त्या दारूचे छापील आकडे आहेत का, हे आधी पाहतात. आकडे नसतील तर ती दारू त्या कामाची नाही.

नावेही फसवतात. विंचेस्टर २३१ आणि एचपी-३८ ही एकच दारू दोन नावांनी विकली जाते. एच११० आणि विंचेस्टर २९६ यांचेही तसेच आहे. याउलट एका अक्षराचा किंवा आकड्याचा फरक असलेल्या दोन दारू अगदी वेगळ्या असू शकतात. दिसण्यावरून दारू ओळखता येत नाही, कारण बहुतेकींना ग्राफाइटचा करडा लेप असतो. त्यामुळे कामाच्या मेजावर एका वेळी एकच डबा ठेवतात, उरलेली दारू त्याच डब्यात परत घालतात आणि लेबल नसलेली दारू नष्ट करतात. दोन दारू एकमेकींत मिसळणे पूर्णपणे वर्ज्य आहे.

दारू मूळ डब्यातच, थंड आणि कोरड्या जागी ठेवतात. लोखंडी किंवा हवाबंद पेटीत ती कोंडत नाहीत. मोकळ्या जागी पेटलेली दारू नुसती भडकते, पण कोंडलेल्या जागी तिचा स्फोट होतो. डबा उघडल्यावर आंबूस, झोंबणारा वास आला किंवा लालसर वाफ दिसली, तर ती दारू खराब झाली आहे असे समजतात.

भारतातील स्थिती

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकण्यासाठी लागतो. भारतात तसे नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. काडतुसांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रेही त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. बंदुकीच्या दारूला १८८४चा स्फोटक कायदाही लागू होतो. त्यामुळे इथे हा घरगुती छंद होऊ शकत नाही.

मराठी वाचकाच्या परिचयाच्या नेमबाजीशीही या विषयाचा संबंध थोडाच येतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्यात पेटवणारे मिश्रण वेगळ्या प्रायमरमध्ये नसते, ते पुंगळीच्या तळाच्या कडेतच भरलेले असते. घोड्याच्या आघाताने ती कड चेपते आणि पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. तिथे नेमबाज कारखान्यात बनलेल्या काडतुसांचे वेगवेगळे गट आपल्या पिस्तुलातून झाडून पाहतो आणि जो गट सर्वांत जवळजवळ छिद्रे पाडतो तो निवडतो. दारू कोणती आणि किती, हा निर्णय कारखान्याने आधीच घेतलेला असतो.

जिथे हा निर्णय माणसाला स्वतः घ्यावा लागतो, तिथे क्रम असा असतो: आधी काडतूस आणि गोळी, मग त्यांच्यासाठी छापील आकडे असलेल्या दारू, मग त्यांतून पुंगळी पुरेशी भरणारी, आणि शेवटी वेग, धक्का व किंमत.